बेदाणा, हळद, मिरची परदेशी पाठवताय? आधी एचएस कोड नीट बघा

तासगाव : आमच्या शेतकरी गटाने पहिल्यांदा बेदाणा परदेशी पाठवला तेव्हाची गोष्ट. माल चांगला, खरेदीदार पक्का. पण कागद करणाऱ्याने जुन्या द्राक्षांच्या बिलाची नक्कल मारली आणि कोड ताज्या द्राक्षांचाच राहिला. तपासणीत आत बेदाणा, कागदावर ताजी द्राक्षं. दुरुस्ती होईपर्यंत माल बंदरावर पडून, भाडं गटाच्या अंगावर. ०८०६ १० ऐवजी ०८०६ २० हवं होतं, फरक एका आकड्याचा. सही आम्हीच न वाचता केली होती, त्यामुळे बोलायला तोंड नव्हतं. म्हणून ही माहिती.

एचएस कोड म्हणजे काय?

जगात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मालाला ठरलेला एक आकडा आहे. ब्रुसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेची ही पद्धत १ जानेवारी १९८८ पासून लागू आहे. पहिले सहा आकडे सगळीकडे सारखे, पुढचे प्रत्येक देशाचे आपले. भारतात एकूण आठ आकडे लागतात. जीएसटी बिलावरचा एचएसएन याच पद्धतीतला आहे.

बेदाण्याचा ०८०६ २० १० असा वाचायचा : ०८ म्हणजे फळं व सुकामेव्याचं प्रकरण, ०८०६ म्हणजे द्राक्षं, २० म्हणजे सुकवलेली, शेवटचा १० भारताने बेदाण्याला दिलेला.

आपल्या भागातला माल कुठे बसतो?

- हळद : ओली ०९१० ३० १०, सुकी ०९१० ३० २०, पावडर ०९१० ३० ३०
- मिरची : हिरवी ०७०९ ६०, वाळलेली अख्खी ०९०४ २१, कुटलेली किंवा दळलेली ०९०४ २२
- कांदा : ताजा ०७०३ १०, वाळवलेला ०७१२ २०
- डाळिंब : ताजं ०८१० ९० १०, रस काढला की २००९
- शेंगदाणा : कच्चा १२०२, भाजला की २००८
- उसाचा गूळ : १७०१

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. पीक तेच असलं तरी वाळवलं, दळलं, भाजलं की कोड बदलतो. मिरची तर हिरवी असताना भाजीत आणि वाळली की मसाल्यात जाते.

कोड ठरतो कसा?

त्यासाठी सहा नियम आहेत. पहिला सगळ्यात मोठा : बाजारातल्या नावावर जायचं नाही, कोडाच्या ओळीतले शब्द आणि प्रकरणाच्या सुरुवातीच्या टिपा वाचायच्या. आपण बहुतेक जण टिपा सोडूनच देतो आणि तिथेच फसतो.

उदाहरण मसाल्याचं. हळद आणि मिरची पावडर एकत्र केली तर ते मसाल्यांचं मिश्रण, ०९१० ९१. पण आपल्या कांदा-लसूण मसाल्यात मिठापासून खोबऱ्यापर्यंत बरंच काही असतं. त्यात मूळ मसाल्याचा गुण मुख्य राहिला नाही तर तो २१०३ मध्ये, म्हणजे चटणी-सॉसच्या रांगेत जाऊ शकतो. प्रत्येकाचं प्रमाण वेगळं, त्यामुळे शेजाऱ्याचा कोड उचलून लावू नका.

हा वाद नवा नाही. टोमॅटो फळ की भाजी, यावर अमेरिकेत सुप्रीम कोर्टापर्यंत खटला गेला. भाजीवर कर होता, फळावर नव्हता. १८९३ मध्ये कोर्टाने सांगितलं, झाडाच्या शास्त्रात फळ असेल, पण लोक जेवणात भाजी म्हणूनच खातात, कर भरा.

चुकलं तर काय होतं?

निर्यात शुल्क, बंदी, रोडटेपचा परतावा, समोरच्या देशातला आयात कर, सगळं कोडावर चालतं. कांद्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क लागलं, मध्ये बंदी आली, शेवटी १ एप्रिल २०२५ पासून शुल्क हटलं. अशा वेळी कोड चुकला तर साधी चूकसुद्धा कर चुकवण्याचा प्रयत्न वाटू शकते. दंड होऊ शकतो, माल जप्तही होऊ शकतो. शिपिंग बिलातल्या माहितीची जबाबदारी निर्यातदाराची. एजंटने भरलं, मला माहीत नव्हतं, हे तिथे चालत नाही.

काय करावं?

१. माल नेमका कसा आहे ते लिहून काढा : ताजा की वाळवलेला, अख्खा की दळलेला, मिश्रणात काय किती टक्के. फोटो आणि तपासणी अहवाल जोडा.

२. खरेदीदाराला त्याच्या देशातला पूर्ण कोड विचारा. पहिले सहा आकडे जुळले नाहीत तर माल भरण्याआधी उलगडा करा.

३. बिल, पॅकिंग लिस्ट आणि शिपिंग बिल, तिन्हीवर एकच कोड आणि एकच वर्णन हवं. सही करण्याआधी स्वतः वाचा.

४. शंका मोठी असेल तर सीमाशुल्काच्या आगाऊ निर्णय प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. मुंबईत खंडपीठ आहे. दिलेला निर्णय अर्जदारावर आणि सीमाशुल्क अधिकाऱ्यांवरही बंधनकारक असतो.

५. मागच्या वर्षीचा कोड डोळे झाकून वापरू नका. जागतिक यादी १ जानेवारी २०२२ ला बदलली, पुढचा बदल १ जानेवारी २०२८ पासून आहे. आपले शेवटचे दोन आकडे मध्येच, बजेटमध्येही बदलतात.

चूक माल निघण्याआधी कळली तर कागद बदलून भागतं. बंदरावर कळली की दुरुस्तीचा अर्ज करता येतो, पण तोवर दिवस जातात आणि भाडं चढत राहतं. आमचा गट आता कंटेनर बंद करण्याआधी दोघांकडून कोड वाचून घेतो. पाच मिनिटं लागतात.