कळमेश्वरचा काळा दगड

नागपूरच्या पश्चिमेला कळमेश्वरची काळी, कपाशीची जमीन मुळात लाव्हाची आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या पोटातला 1,100 अंशांहून अधिक तापलेला रस भेगांतून वर आला आणि थरांवर थर साचत बेसाल्ट झाला. विहीर खणताना निघणाऱ्या दगडातली बारीक छिद्रे म्हणजे त्या रसात अडकलेले वायूचे बुडबुडे. काहींत पांढरे स्फटिक भरलेले दिसतात. मिशनरी स्टीफन हिस्लॉप व रॉबर्ट हंटर यांनी 1850 च्या दशकात नागपूर परिसरातील लाव्हाथरांमधले गोड्या पाण्यातले शिंपले अभ्यासले. दोन उद्रेकांमध्ये इथे तळी नांदली होती, ही त्यातली सर्वांत विलक्षण गोष्ट.

लाव्हा थंडावला तरी खालची हालचाल थांबलेली नाही. 22 मे 1997 रोजी नर्मदेकाठच्या जबलपूरजवळ झालेल्या भूकंपाने नागपूर परिसरही हादरला. त्याचे केंद्र सुमारे 35 किलोमीटर खोल होते. 1993 च्या किल्लारी भूकंपाचे मात्र अगदी उथळ. खोलीबरोबर उष्णता वाढते, तापलेला खडक तुटण्याऐवजी वाकतो. एवढ्या खोलवर तो तुटला, याचा अर्थ नर्मदेच्या पट्ट्यातले कवच तिथेही पुरेसे थंड आणि कणखर आहे.