नाव आणि स्थान : डेटाबेस व स्प्रेडशीट ह्यांच्या संबंधाचा इतिहास

कार्यालयीन गणनाचा इतिहास लिहिताना यंत्रांची वर्णने विस्ताराने येतात. परंतु एका ठिकाणी नोंदलेले आकडे दुसऱ्या ठिकाणी कसे नेले जात, हा प्रश्न सहसा मागे पडतो. डेटाबेसमधील नोंदी स्प्रेडशीटमध्ये आपोआप नेऊन तेथे त्यांची गणिते व आलेख सिद्ध करणे, ही क्रिया आज सामान्य वाटते. ती केवळ वाहतूक आहे अशी समजूत आहे. वस्तुतः ते भाषांतर आहे, आणि त्यात होणारे प्रमाद भाषांतराच्याच जातीचे आहेत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रथम ह्या दोन भाषांचे स्वरूप पाहू. एडगर कॉड ह्यांनी १९७० साली संबंधाधिष्ठित डेटाबेसची कल्पना मांडली. पूर्वीच्या पद्धतींत नोंदींचा क्रम व त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची वाट ह्यांवर प्रत्येक कार्यक्रम अवलंबून असे. हे अवलंबन तोडावे, ओळींच्या क्रमाला अर्थ नसावा आणि रकाना स्थानावरून नव्हे तर नावावरून ओळखावा, असा कॉड ह्यांचा आग्रह होता. ह्याच्या उलट प्रवृत्ती डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन ह्यांच्या व्हिजिकॅल्क ह्या १९७९ मधील स्प्रेडशीटमध्ये दिसते. २५४ ओळी व ६३ रकाने असलेल्या त्या पत्रकात प्रत्येक घराला पत्ता होता, आणि सूत्र त्या पत्त्याशी बोलत असे. घरात कोण राहतो ह्याची चौकशी ते करीत नसे.

भाषेच्या अभ्यासकाला हा भेद परिचित आहे. 'रामाने गणपतला हाक मारली' ह्या वाक्यातील पदे मागेपुढे केली, तरी हाक मारणारा रामच राहतो. कारण कर्तृत्व प्रत्ययाने दाखविले आहे. इंग्रजीत ते कार्य बहुतांशी पदक्रम करतो, म्हणून क्रम बदलताच अर्थ उलटतो. डेटाबेस ही, ह्या अर्थाने, विभक्तीची भाषा होय. स्प्रेडशीट ही पदक्रमाची भाषा होय.

दोहोंना जोडण्याचे प्रयत्न लवकरच सुरू झाले. व्हिजिकॅल्कच्या निर्मात्यांनी आकडे इतर कार्यक्रमांना वाचता यावेत म्हणून फाईलचा एक स्वतंत्र साचा ठरविला. मिच केपॉर ह्यांनी व्हिजिकॅल्कमधील आकड्यांचे आलेख काढणारा व्हिजिप्लॉट हा कार्यक्रम लिहिला, आणि पुढे जानेवारी १९८३ मध्ये लोटस १-२-३ बाजारात आणला. गणन, आलेख व डेटाबेस ही तीन कामे एकाच ठिकाणी, असा त्या नावाचा आशय होता. त्यातील आकडा बदलला की आलेखही बदले. परंतु त्यातील 'डेटाबेस' म्हणजे पत्रकावरील ओळींचाच एक पट्टा होता. खऱ्या नोंदी डीबेससारख्या वेगळ्या कार्यक्रमात राहत. तेथून त्या फाईलच्या रूपाने बाहेर काढाव्या लागत, किंवा पुन्हा हाताने लिहाव्या लागत.

एका चालू कार्यक्रमाने दुसऱ्या चालू कार्यक्रमाशी बोलावे, ही सोय विंडोजमध्ये १९८७ च्या सुमारास आली; पण तो संवाद फार तोकडा होता. निर्णायक पाऊल १९९३ साली पडले. त्या वर्षीच्या ओएलईच्या दुसऱ्या आवृत्तीत 'ऑटोमेशन' नावाची व्यवस्था होती. तिच्यायोगे एखादा कार्यक्रम आपली अंगे—पत्रक, घर, आलेख—दुसऱ्या कार्यक्रमाच्या आज्ञेखाली ठेवू शकत असे. त्याच सुमारास एक्सेलच्या पाचव्या आवृत्तीत व्हिज्युअल बेसिकचा समावेश झाला. मायक्रोसॉफ्टचा अ‍ॅक्सेस हा डेटाबेस नोव्हेंबर १९९२ मध्ये निघाला होता. १९९५ च्या आवृत्तीत त्यानेही तीच आज्ञाभाषा स्वीकारली. डेटाबेस व स्प्रेडशीट ह्यांना समाईक आज्ञाभाषा मिळाल्यामुळे सामान्य कार्यालयातील माणसालाही दोहोंमधील पूल बांधता येऊ लागला.

त्या पुलाची रचना थोडक्यात अशी. अ‍ॅक्सेसमधील आज्ञावली प्रथम एक्सेलला जागे करते. बहुधा तो पडद्यावर दिसतही नाही. मग नवे पत्रक उघडून, प्रश्नाच्या उत्तरादाखल आलेल्या नोंदी एका घरापासून खाली ओतल्या जातात. ह्या ओतण्यात रकान्यांची नावे येत नाहीत. ती निराळी लिहावी लागतात. त्यानंतर बेरजेची सूत्रे घालणे, आलेखाला आकड्यांचा पट्टा दाखविणे, फाईल जतन करणे व एक्सेलला निरोप देणे ही कामे होतात. नाव गळून पडते आणि स्थान उरते, तो क्षण येथेच आहे. आज्ञावलीत आलेखाचा पट्टा बारा महिन्यांपुरता पक्का लिहिलेला असेल आणि नोंदी तेरा आल्या, तर आलेख तक्रार करीत नाही. तो बारा महिन्यांचेच सुबक चित्र काढतो.

आज्ञांच्या भाषेचा इतिहासही ह्या संदर्भात बोधप्रद आहे. एक्सेलच्या पाचव्या आवृत्तीत व्हिज्युअल बेसिकचे शब्दच जर्मन, फ्रेंच इत्यादी भाषांत उपलब्ध करून दिले होते. १९९७ च्या आवृत्तीपासून हा प्रयोग सोडून देण्यात आला व आज्ञा केवळ इंग्रजीत राहिल्या. घरातील सूत्रांची नावे मात्र स्थानिक भाषांत टिकली. त्यामुळे आज्ञावलीतून सूत्र लिहिताना ते इंग्रजी रूपात द्यावयाचे की स्थानिक, ह्यासाठी दोन स्वतंत्र सोयी ठेवाव्या लागल्या.

आता ह्या भाषांतराच्या परिणामांकडे वळू. हाताने नक्कल करण्याचे धोके पाठचिकित्सेच्या अभ्यासकांना सांगावयास नकोत. ओळ गळणे, शब्द दुबार लिहिणे हे लेखनिकाचे जुने दोष होत. आधुनिक काळातही ते सुटलेले नाहीत. जेपी मॉर्गन ह्या बँकेला २०१२ साली सहा अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला. त्या प्रकरणी बँकेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, जोखीम मोजण्याचे एक गणित अनेक स्प्रेडशीटांमधून आकडे हाताने उचलून चिकटवून केले जात होते, असे नमूद आहे.

तथापि लेखनिक दूर केल्याने दोष नाहीसा होत नाही. त्याची जात बदलते. इंग्लंडमध्ये २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० ह्या काळातील कोविडचे १५,८४१ रुग्ण दैनंदिन आकडेवारीतून सुटले. प्रयोगशाळांच्या फाईली आपोआप एक्सेलच्या जुन्या साच्यात ओतल्या जात होत्या, आणि त्या साच्यात ६५,५३६ ओळींपलीकडे जागा नव्हती. नोंदी बरोबर होत्या. त्यांना स्थान नव्हते, म्हणून त्या नाहीशा झाल्या, आणि त्या रुग्णांच्या संपर्कांत आलेल्यांचा शोध लांबला. दुसरे उदाहरण जनुकांच्या नावांचे आहे. 'मार्च १' किंवा 'सेप्ट २' अशी जनुकनामे एक्सेल तारखा समजून बदलून टाकी. अखेर २०२० साली नामकरण समितीने अशा जनुकांची नावेच बदलली. डेटाबेसमध्ये रकान्याचा प्रकार आधी घोषित असतो. स्प्रेडशीट तो रूपावरून तर्काने ठरविते. भाषांतरकाराने अनोळखी विशेषनामाचाही अर्थ लावून ठेवावा, तसा हा प्रकार झाला.

ह्या दोन्ही घटनांत यंत्र थांबले नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. लेखनिकाला कंटाळा येई, पण अर्धे पान रिकामे दिसले तर तो विचारीही. स्वयंचलनाने त्याची चूक काढून टाकली आणि त्याबरोबर त्याची नजरही काढून टाकली. ती नजर आज्ञावलीतच परत घालावी लागते. निघालेल्या व पोहोचलेल्या नोंदींची संख्या ताडून पाहावी; एकूण बेरीज दोन्हीकडे स्वतंत्रपणे काढावी; पट्ट्याची सीमा पक्की न लिहिता नोंदींच्या संख्येवरून ठरवावी; आणि नावे व सांकेतिक क्रमांक ह्यांच्या रकान्यांना मजकुराचे स्वरूप आधीच द्यावे.

पुढील इतिहासाची दिशाही ह्या निष्कर्षाला पुष्टी देते. एक्सेलच्या २००७ च्या आवृत्तीत ओळींची मर्यादा १०,४८,५७६ झाली, ह्याची चर्चा अधिक झाली. परंतु त्याच आवृत्तीत सूत्राला घराच्या पत्त्याऐवजी तक्त्यातील रकान्याच्या नावाने बोलण्याची सोय मिळाली, ही घटना आमच्या मते अधिक महत्त्वाची होय. अशा तक्त्यावर आधारलेला आलेख नवी ओळ येताच तिला सामावून घेतो. जागा वाढविल्याने दोष केवळ पुढे ढकलला जातो. नाव दिल्याने तो ओळखता येतो. पदक्रमाच्या भाषेने विभक्तीचा काही भाग स्वीकारला, असे ह्या परिवर्तनाचे वर्णन करता येईल.