चवदार तळे : ओंजळीनंतरची दहा वर्षे

१/
अन्यायाशी अहिंसेने लढलेला माझा नायक कोण, असे कोणी विचारले तर मी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव घेतो. ते ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. म्हणून हा धागा. स्थळ महाड, तेव्हाचा कुलाबा जिल्हा. काळ मार्च १९२७ ते मार्च १९३७. चवदार तळ्याच्या काठावरची ती ओंजळ सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर काय घडले, ते येथे सविस्तर पाहू.

२/
आधी पार्श्वभूमी. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळाने सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत केला. सरकारी खर्चाने बांधलेल्या वा चालवलेल्या पाणवठ्यांचा, धर्मशाळांचा, शाळांचा, दवाखान्यांचा वापर अस्पृश्यांना खुला असावा, असा त्याचा आशय होता. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही आपले तळे सर्वांना खुले केले. तेव्हा नगराध्यक्ष होते सुरेंद्रनाथ टिपणीस.

३/
ठराव झाला, पण तळ्यावर कोणी गेले नाही. जाणाऱ्याच्या पाठीवर काय पडेल, हे सर्वांना ठाऊक होते. त्याच तळ्याचे पाणी मुसलमान भरत असत. जनावरेही तेथे पाणी पीत. कागदावरचा हक्क आणि घागरीतले पाणी यांच्यात अंतर होते, ते भीतीचे.

४/
१९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. दुसऱ्या दिवशी अनंतराव चित्रे यांनी सुचवले, की नगरपालिकेचा ठराव आजच अमलात आणावा. हजारोंची मिरवणूक शांतपणे बाजारपेठेतून तळ्यावर गेली. बाबासाहेबांनी ओंजळ भरली, मागोमाग इतरांनी. मग सारे शांतपणे मंडपाकडे परतले.

५/
काही वेळातच गावात अफवा उठली, की आता हे लोक वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार आहेत. लाठ्याकाठ्या घेतलेला जमाव मंडपावर चालून आला. कोणी जेवत होते, कोणी गावी परतण्यासाठी बोचके बांधत होते. त्यांना मारहाण झाली, अन्न मातीत गेले. कित्येकांनी मुसलमानांच्या घरांत आश्रय घेतला.

६/
इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मी या संध्याकाळपाशी नेहमी थांबतो. परिषदेला आलेल्यांत लष्करातून निवृत्त झालेले अनेक सैनिक होते. हाणामारीत ते कमी पडले नसते. बाबासाहेब उतरले होते त्या बंगल्याजवळ संतप्त माणसे केवळ त्यांच्या होकाराची वाट पाहत होती. बाबासाहेबांनी तो दिला नाही. त्यांनी सर्वांना शांत राहण्यास बजावले, आणि माणसांनी ते ऐकले.

७/
त्यांनी का रोखले? माझा अर्थ असा : त्या दिवशी कायदा मोर्चेकऱ्यांच्या बाजूने होता. कायदेमंडळाचा ठराव होता, नगरपालिकेचाही होता. उलट हात उचलला असता तर पाण्याच्या हक्काचा प्रश्न एका रात्रीत दंग्याचा प्रश्न झाला असता, आणि दोन्ही बाजू सारख्याच दोषी ठरवल्या गेल्या असत्या. पुढे हल्लेखोरांपैकी पाच जणांना चार महिन्यांची सक्तमजुरी झाली.

८/
सनातन्यांनी मात्र तळे ‘शुद्ध’ केले. १०८ घागरी पाणी उपसून, त्यात पंचगव्य मिसळून, मंत्रघोषात ते पुन्हा तळ्यात ओतण्यात आले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे बोले ठरावाला बरोबर चार वर्षे होत असताना, नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. बाबासाहेबांनी उत्तरादाखल २५ डिसेंबरपासून महाडला सत्याग्रह परिषद जाहीर केली.

९/
परिषदेपूर्वीच विरोधकांनी दिवाणी न्यायालयात दावा लावला. तळे आमचे खाजगी आहे आणि अस्पृश्यांना तेथे मज्जाव करण्याची वहिवाट अनादी काळापासूनची आहे, असे त्यांचे म्हणणे. १४ डिसेंबरला न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. इकडे हजारो माणसे महाडकडे निघाली होती. मंडपासाठी जागा मिळेना, तेव्हा ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने दिली.

१०/
२५ डिसेंबरच्या भाषणात बाबासाहेबांनी या परिषदेची तुलना १७८९ च्या फ्रान्समधील राष्ट्रसभेशी केली. त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. सत्याग्रहासाठी नावे नोंदवणाऱ्यांची संख्या चार हजारांच्या घरात गेली. ही माणसे तुरुंगात जाण्याच्या तयारीने आली होती. जिल्हाधिकाऱ्यांनी मंडपात येऊन हुकूम पाळण्याचे आवाहन केले, तरी सभेचा कल तळ्यावर जाण्याकडेच होता.

११/
बाबासाहेबांपुढचा पेच बिकट होता. मागे फिरावे तर लोकांचा उत्साह मोडतो. हुकूम मोडावा, तर आजवर केवळ सनातन्यांशी असलेला झगडा सरकारशीही होतो आणि दाव्यातील बाजू दुबळी होते. २७ डिसेंबरला त्यांनी सत्याग्रह तहकूब करण्याचा ठराव मांडला. नाराजी होती, तरी तो संमत झाला. मग मिरवणूक निघाली, तळ्याला वळसा घालून, पाण्याला स्पर्श न करता परतली. मला ही दुसरी मिरवणूक पहिलीपेक्षा अवघड वाटते.

१२/
त्यानंतरची लढाई कज्जेदलालीची, तारखांची, साक्षींची, जुन्या कागदपत्रांची. १९३१ मध्ये महाडच्या न्यायालयाने दावा फेटाळला. ठाण्याच्या अपिलातही सनातनी हरले. मग ते उच्च न्यायालयात गेले. ‘नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर’ या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी निकाल दिला : अनादी काळाची वहिवाट सिद्ध झालेली नाही. अपील फेटाळले गेले.

१३/
येथे इतिहासातील एक विलक्षण योग पाहा. हे निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती होते ब्रूमफील्ड. १९२२ मध्ये अहमदाबादला राजद्रोहाच्या खटल्यात गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे न्यायाधीश तेच. आणि डिसेंबर १९२७ च्या महाडच्या मंडपात गांधीजींचे छायाचित्र लावलेले होते.

१४/
एक सूक्ष्म भेद नोंदवला पाहिजे. अहिंसा हे बाबासाहेबांचे निरपवाद तत्त्व त्या काळी नव्हते. सत्याग्रहाची त्यांची मांडणी न्याय्य कार्य, लोकसंग्रह आणि परिस्थितीचा विचार यांवर उभी होती. म्हणूनच महाडचा संयम मला अधिक मोलाचा वाटतो. तो सवयीने वा श्रद्धेने आलेला नव्हता. प्रत्येक वळणावर विचार करून तो निवडावा लागला, आणि तो निवडताना हजारो दुखावलेल्या माणसांना पटवून द्यावे लागले.

१५/
या कथेत नायक एकच असला, तरी किंमत अनेकांनी मोजली. २० मार्चला डोकी फुटलेली माणसे, गावी परतल्यावर पुन्हा मार खाल्लेली माणसे, मनगटात बळ असून हात न उचललेले निवृत्त शिपाई. त्यांतील बहुतेकांची नावे कोणत्याही पुस्तकात नाहीत. पहिल्या ओंजळीपासून उच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत त्यांना जी वाट पाहावी लागली, ती भरली दहा वर्षांना केवळ तीन दिवस कमी.

धागा समाप्त.