सामाईक संगणकावरील पाळीचा प्रश्न आणि बीडचा पाऊस

संगणकाचा इतिहास बहुधा यंत्रांच्या वेगाचा व आकारमानाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. एका यंत्रावर अनेकांनी काम करावयाचे तर पाळी कोणी व कोणत्या नियमाने ठरवावयाची, हा प्रश्न त्यात मागे पडतो. बीड जिल्ह्याच्या बाजूने पाहिले असता मात्र तोच मुख्य ठरतो. पर्जन्यछायेत येणाऱ्या या जिल्ह्याच्या पावसाचे अंदाज मांडणारे यंत्र पुण्यात आहे, आणि त्यावर देशभरातील हवामानाचा भार आहे.

महाराष्ट्रात या प्रश्नाचा प्रारंभ मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झाला. तेथे १९६४ साली सीडीसी ३६०० हे यंत्र आले व बाहेरच्या संस्थांचीही गणिते त्यावर होऊ लागली. फोरट्रानमधील आज्ञावलीची एक ओळ म्हणजे एक छिद्रपत्र. अशा पत्रांची चवड खिडकीवर द्यावयाची आणि छापील उत्तराची वाट पाहावयाची. एखादा स्वल्पविराम राहिला तर पाळी वाया जाई. मराठवाडा विद्यापीठ त्या वेळी अवघे सहा वर्षांचे होते, आणि बीड निजामी अमलातून मुक्त झाल्याला सोळा वर्षे लोटली होती. यंत्रापर्यंतचे अंतर केवळ मैलांचे नव्हते.

पुढील टप्पा पुण्याचा होय. १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ सिद्ध केला. एका बलाढ्य प्रक्रियकाऐवजी अनेक प्रक्रियकांनी काम वाटून घेण्याचे तत्त्व त्यात होते. १९९४ साली अमेरिकेत साध्या बाजारी संगणकांचे जाळे जोडून ‘बेओवुल्फ’ समूह उभा राहिला व हे तत्त्व स्वस्त झाले. खिडकीवरच्या कर्मचाऱ्याची जागा आता आज्ञावलीने घेतली. २००२ पासून विकसित होत गेलेली ‘स्लर्म’ ही त्यांपैकी एक प्रमुख.

आजची रीत अशी. वापरकर्ता प्रथम प्रवेशसंगणकावर येतो. ही वाड्याची देवडी समजावी. तेथे थांबावे, निरोप द्यावा, पण पंगत मांडू नये. पायथनमधील किंवा आर भाषेतील मोठे गणित तेथेच चालविणे हा नवख्यांचा नेहमीचा अपराध, कारण त्याने सर्वांचीच वाट अडते. योग्य मार्ग म्हणजे एक छोटी स्क्रिप्ट लिहून किती प्रक्रियक, किती स्मृती व किती वेळ हवा ते नमूद करणे. वेळ कमी मागितला तर काम अर्धवट तोडले जाते. अवाजवी मागितला तर पाळी लांबते. ज्याने नुकताच पुष्कळ वापर केला त्याला मागे सारले जाते, आणि मोठ्या कामाची जुळणी होईपर्यंत पडणाऱ्या फटींत लहान कामे बसविली जातात.

माजलगाव कालव्यावरील शेतकऱ्याला यात नवल वाटू नये. शेजपाळीत हंगामापूर्वी नमुना क्र. ७ वर पीक व क्षेत्र लिहून अर्ज करावा लागतो, धरणातील साठा पाहून मंजुरी मिळते आणि पाणी शेवटच्या टोकाकडून माथ्याकडे क्रमाने दिले जाते. संगणकाची स्क्रिप्ट हा तसाच अर्ज. साम्य येथे संपते. न वापरलेले पाणी धरणात राहते. प्रक्रियकाचा रिकामा तास मात्र कायमचा जातो. म्हणूनच एका प्रक्रियकापुरती लिहिलेली आज्ञावली चाळीस प्रक्रियक अडवून चालविणे हे एका वाफ्यासाठी सारी चारी राखून ठेवण्यापेक्षाही वाईट. अधिक प्रक्रियक मागितल्याने आज्ञावली आपोआप समांतर होत नाही, ही गोष्ट पुष्कळांना उशिरा कळते.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत २०१८ साली ४ पेटाफ्लॉप क्षमतेचे ‘प्रत्युष’ कार्यान्वित झाले, आणि त्याच वर्षी १२ किलोमीटर जाळीवरील अंदाजपद्धती उपयोगात आली. बीडचे क्षेत्रफळ १०,६९३ चौरस किलोमीटर. म्हणजे सारा जिल्हा सुमारे ७४ चौकटींत बसला. गोदेकाठची गंगथडी आणि बालाघाटाचे पठार यांचा पाऊस एकसारखा नसतो, परंतु डोंगराची कड अशा चौकटीत पुसट होते. जाळी निम्मी केली तर चौकटी चौपट होतात. कालाची पायरीही निम्मी करावी लागत असल्याने गणित सुमारे आठपट वाढते. २०२४ मध्ये ११.७७ पेटाफ्लॉपचे ‘अर्क’ आले, आणि मे २०२५ मध्ये ६ किलोमीटरची ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ सुरू झाली. बीडच्या वाट्याला आता सुमारे ३०० चौकटी आहेत.

अशा यंत्रावर दैनंदिन अंदाजाला अग्रक्रम असणे न्याय्यच आहे. उशिरा आलेला अंदाज पेरणीच्या कामाचा नाही. तथापि बालाघाटाच्या उतारावर ढग कसे वागतात हे शोधणारे संशोधकाचे काम त्याच रांगेत मागे राहते, आणि उद्याचा अंदाज सुधारावयाचा तो त्याच कामातून. दोन्ही गरजा खऱ्या आहेत. त्यांचे प्रमाण ठरविणे हे यंत्राचे काम नव्हे. स्लर्म केवळ दिलेला नियम पाळते. संशोधनासाठी किती तास राखून ठेवावयाचे, हा आकडा माणसांच्या समितीला लिहावा लागतो.

१९६४ साली पत्रांची चवड मुंबईला न्यावी लागे. आज अंबाजोगाईच्या महाविद्यालयातूनही स्क्रिप्ट पुण्याच्या समूहावर धाडता येते. त्यासाठी खाते हवे, आणि ते बहुधा संस्थेच्या मार्फतच मिळते.