कांदा अनुदान : हिशेबपट्टी, सातबारा आणि प्रतीक्षा

शहरातील मंडईत कांदा स्वस्त झाला की ग्राहकाला दिलासा मिळतो. त्याच सुमारास शेतकऱ्याच्या हाती पडणाऱ्या हिशेबपट्टीत हमाली, तोलाई व वाहतूक वजा जाता फारच थोडे उरते. फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्यात कांद्याचे भाव कोसळले, तेव्हा अहिल्यानगर (तेव्हाचा अहमदनगर) जिल्ह्यातील नेप्ती, घोडेगाव, वांबोरी, राहाता, पारनेर येथील बाजारांतही हेच चित्र होते. त्यानंतर राज्य शासनाने जे अनुदान दिले, त्याचे स्वरूप समजून घेणे उपयुक्त ठरेल.

लाल कांद्याची अडचण

उन्हाळी अर्थात गावरान कांदा चाळीत काही महिने टिकतो. भाव नसेल तर शेतकरी थांबू शकतो. जानेवारी ते मार्चदरम्यान निघणारा लेट खरीप लाल कांदा मात्र टिकत नाही. काढणी होताच तो मिळेल त्या भावाने विकावा लागतो. म्हणूनच २०२३ ची योजना याच कांद्यासाठी होती.

निकष काय होते?

मार्च २०२३ मध्ये विधिमंडळात प्रथम क्विंटलला ३०० रुपये जाहीर झाले. ते काही दिवसांतच ३५० करण्यात आले. १ फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२३ या काळात बाजार समिती, खासगी बाजार, थेट पणन परवानाधारक किंवा नाफेडला विकलेला कांदा त्यासाठी पात्र ठरला. मर्यादा प्रति शेतकरी २०० क्विंटल, म्हणजे जास्तीत जास्त ७० हजार रुपये. कोणी २६० क्विंटल विकला असला, तरी वरचे ६० क्विंटल हिशेबात धरले गेले नाहीत.

अर्जासोबत मूळ विक्रीपट्टी, आधारशी जोडलेल्या बँक खात्याचा तपशील आणि कांद्याची नोंद असलेला सातबारा आवश्यक होता. येथेच अनेकांची अडचण झाली. पीक शेतात होते, पण ई-पीक पाहणी न केल्याने ते सातबाऱ्यावर नव्हते. पुढे ही अट शिथिल करून गावपातळीवरील समितीच्या अहवालाचा पर्याय देण्यात आला. सातबारा वडिलांचा आणि पट्टी मुलाच्या नावे असल्यास शपथपत्र घेण्याची तरतूद होती.

पैसे केव्हा मिळाले?

बाजार समितीकडील अर्ज सहकार खात्याच्या तपासणीनंतर पणन संचालनालयाकडे गेले. राज्याची एकूण मागणी सुमारे ८५७ कोटी रुपये होती. सप्टेंबर २०२३ मध्ये पहिल्या टप्प्यात सुमारे ४६५ कोटी रुपये वितरणास उपलब्ध झाले. परिणामी कमी मागणीच्या जिल्ह्यांत पूर्ण रक्कम देण्यात आली, तर नाशिक, अहमदनगर, सोलापूर यांसारख्या प्रमुख कांदा जिल्ह्यांत प्रथम १० हजार रुपयांपर्यंतच रक्कम जमा झाली. उर्वरित पुढील टप्प्यांत. जेथे कांदा अधिक, तेथेच प्रतीक्षा अधिक, असा हा प्रकार होता.

हमीभाव नव्हे

केंद्राच्या किमान आधारभूत किमतीच्या यादीतील २२ पिकांत कांदा नाही. त्यामुळे भाव पडल्यावर राज्याला दर वेळी स्वतंत्र निर्णय घ्यावा लागतो : २०१६ मध्ये क्विंटलला १०० रुपये, २०१८ मध्ये २००, तर २०२३ मध्ये ३५०. तिन्ही वेळा विक्री आधी झाली आणि मदत नंतर आली. शिवाय पहिला हप्ता मिळण्यापूर्वीच, १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्राने कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले होते. डिसेंबरमध्ये निर्यातबंदी झाली. ती मे २०२४ पर्यंत राहिली. म्हणजे एकीकडे पडलेल्या भावाची अंशतः भरपाई, तर दुसरीकडे वाढत्या भावाला अटकाव.

अशा अनुदानाने पुढच्या हंगामाच्या भावाची कोणतीही शाश्वती मिळत नाही. झालेल्या तोट्याचा काही भाग तेवढा भरून निघतो. तोही त्यालाच, ज्याने पट्टी जपून ठेवली आणि पिकाची नोंद वेळेवर केली.