आज्ञा आणि प्रत्युत्तर : १८९७ च्या प्लेगमधील अधिकाररचना

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजेच प्लेगचे, रुग्ण ओळखले. त्या क्षणी शहरात महापालिका होती, आरोग्य खाते होते, पोलीस होते आणि राज्यपालांचे सरकारही होते. परंतु या संकटात आज्ञा कोणी द्यावी, कोणत्या अधिकाराने द्यावी आणि ती मोडल्यास काय करावे, हे ठरलेले नव्हते. पुढील काही महिन्यांचा इतिहास एका अर्थी या तीन प्रश्नांच्या उत्तरांचा इतिहास आहे. त्या उत्तरांमध्ये एक चौथा प्रश्न सुटून गेला : ज्याला आज्ञा दिली जाते, त्याचे म्हणणे आज्ञा देणाऱ्यापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचावे?

पहिले उत्तर महापालिकेच्या कायद्यातून आले. ६ ऑक्टोबर १८९६ रोजी म्युनिसिपल कमिशनर पी. सी. एच. स्नो यांनी १८८८ च्या कायद्यातील अधिकार वापरून घरांत प्रवेश करण्याचा व रुग्णांना सक्तीने रुग्णालयात हलविण्याचा हुकूम जाहीर केला. रुग्णालय म्हणजे मरणाचे ठिकाण, अशी समजूत असलेल्या शहरात त्याचा परिणाम लगेच दिसला. लोक रुग्ण लपवू लागले, शहर सोडू लागले. २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. सफाई कामगारही निघून गेले तर शहराचे काय होईल, या धास्तीने सक्ती सैल करण्यात आली. आज्ञापालन ज्यांच्यावर अवलंबून असते, त्यांच्या हातीही एक अधिकार असतो, याची ही पहिली जाणीव होती.

दुसरे उत्तर कायदेमंडळाने दिले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी संमत झालेला साथरोग अधिनियम अवघ्या चार कलमांचा होता. सामान्य कायदे अपुरे पडतील तेथे सरकारला आवश्यक वाटतील ते तात्पुरते नियम करण्याची मुभा त्याने दिली आणि त्यांचा भंग दंडनीय ठरविला. चौथ्या कलमाने, या कायद्याखाली सद्‌हेतूने केलेल्या कृत्याबद्दल कोणावरही दावा चालणार नाही, असे सांगितले. वाङ्मयीन रचना म्हणून पाहिले तरी हा मजकूर बोलका आहे. त्यातील बहुतेक क्रियापदांचा कर्ता शासन किंवा शासनाचा प्रतिनिधी आहे. रुग्ण, त्याचे कुटुंब, शेजारी हे केवळ कर्म आहेत. तक्रारीचे कलम त्यात नाही.

या कायद्याच्या बळावर मुंबईत ब्रिगेडियर जनरल गटॅकर यांच्या आणि पुण्यात वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समित्या नेमल्या गेल्या. लोकनियुक्त नगरपालिका बाजूला पडली. रँड हे साताऱ्याचे असिस्टंट कलेक्टर. वाईच्या वाद्यप्रकरणात तेथील प्रतिष्ठितांवर त्यांनी केलेल्या कारवाईमुळे त्यांची प्रतिमा आधीच कठोर झाली होती. अधिकारी निवडताना शासनाने त्याची कार्यक्षमता पाहिली. ज्या समाजात त्याला वावरायचे होते त्याच्या मनातील त्याचे स्थान जमेस धरले नाही.

निव्वळ संघटनेच्या दृष्टीने पुण्यातील रचना नेटकी होती. एक अध्यक्ष, सोबतीला कर्नल फिलिप्स व सर्जन कॅप्टन बेव्हरिज, घरझडतीसाठी मेजर पेजेट यांच्या हाताखाली सैनिक. तपासणी, रुग्णालय, संपर्कातील लोकांची वेगळी छावणी आणि निर्जंतुकीकरण अशी कामाची विभागणी. १३ मार्चला झडत्या सुरू झाल्या आणि १९ मे रोजी थांबल्या. एकमुखी आदेश, ठरलेले उद्दिष्ट आणि स्पष्ट उतरंड ही आपत्तिकाळातील अधिकाररचनेची मूलतत्त्वे येथे जवळजवळ सर्व सापडतात. उणीव होती ती परतीच्या वाटेची. माजघर, देवघर, स्त्रियांची तपासणी, जाळले जाणारे सामान यांविषयीच्या तक्रारी त्याच यंत्रणेकडे जात, जिच्याविरुद्ध त्या असत.

त्याच शहराच्या वेशीवर वेगळ्या अधिकाराचे एक उदाहरण घडत होते. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत रुग्णांची शुश्रूषा करीत होते. झडत्या सुरू होण्याच्या तीन दिवस आधी, १० मार्चला, सावित्रीबाई प्लेगनेच गेल्या. तेथे आज्ञा नव्हती. रुग्ण विश्वासाने येत होते.

परतीची वाट मग वृत्तपत्रांनी काढली. 'केसरी'ने आरंभी उपायांची आवश्यकता मान्य केली होती. टिळकांनी शहरात राहून हिंदू प्लेग रुग्णालय उभारण्यात पुढाकार घेतला. अंमलबजावणीतील जुलमाविरुद्ध मात्र हे पत्र तीव्र होत गेले. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकरांनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यांच्यासोबत लेफ्टनंट आयर्स्टही बळी पडले. त्यानंतर शिवाजी उत्सवाशी संबंधित लेखनावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला व त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली. इंग्लंडमध्ये गोखल्यांनी सैनिकांच्या वर्तनाविषयी केलेली विधाने पुराव्याने सिद्ध न करता आल्यामुळे त्यांना जाहीर माफी मागावी लागली. पीडितांची साक्ष नोंदविणारी यंत्रणाच नसताना तक्रारदाराकडे पुरावा मागितला जात होता. जे बोलणे यंत्रणेच्या आत ऐकले गेले नाही, ते बाहेर गुन्हा तरी ठरले किंवा अफवा तरी.

पुढे साथ पसरत राहिली, १८९८ मध्ये मुंबईत आणि १९०० मध्ये कानपुरात दंगली झाल्या. तेव्हा शासनाने सक्तीचा मार्ग हळूहळू सोडला व ऐच्छिक स्थलांतर आणि लसीकरण यांवर भर दिला. नैतिक पश्चात्तापापेक्षा अनुभवाचा वाटा यात अधिक होता. सक्तीमुळे रुग्ण लपत आणि लपलेला रुग्ण रोग पसरवी.

अहवालांत जे उतरले नाही ते भारतीय साहित्याने जपले. राजिंदरसिंह बेदी यांच्या 'क्वारंटीन' या उर्दू कथेत प्लेगपेक्षा विलगीकरणाची दहशत मोठी आहे. तेथे सन्मान डॉक्टरला मिळतो. जिवावर उदार होऊन रुग्णांची सेवा करणारा भागू हा सफाई कामगार मात्र त्या सन्मानाच्या बाहेरच राहतो. यू. आर. अनंतमूर्तींच्या 'संस्कार' या कन्नड कादंबरीत चित्र उलटे आहे. प्लेगने मेलेल्याचे प्रेत अग्रहारात पडून आहे आणि निर्णयाचा अधिकार ज्याच्याकडे एकमुखाने सोपविला आहे तो प्राणेशाचार्य निर्णय देऊ शकत नाही. पुण्यात आज्ञा होती, संमती नव्हती. अग्रहारात संमती आहे, आज्ञा नाही. ही दोन टोके एकत्र वाचली म्हणजे आपत्तिकाळातील अधिकार दोहोंवर उभा असतो, हे ध्यानी येते.

कॅलिफोर्नियातील १९७० च्या वणव्यांनंतर अमेरिकेत विकसित झालेल्या 'इन्सिडेंट कमांड सिस्टिम'ने एकमुखी आदेशाबरोबर सर्वांना समजणाऱ्या समान परिभाषेचाही आग्रह धरला. भारताने २०१० च्या मार्गदर्शक तत्त्वांतून तिचे रूपांतर स्वीकारले. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाने जिल्हा प्राधिकरणात जिल्हाधिकाऱ्याशेजारी जिल्हा परिषदेच्या अध्यक्षांना सहअध्यक्षाचे आसन दिले. १८९७ मध्ये बाजूला सारलेला लोकप्रतिनिधी निदान कागदावर परत आला. तरीही २०२० च्या महासाथीत राज्यांनी प्रथम हाती घेतला तो १८९७ चाच अधिनियम, आणि त्याच वर्षी त्यात झालेल्या दुरुस्तीने आरोग्यसेवकांवरील हिंसेला कठोर शिक्षा जोडली. ते संरक्षण आवश्यकच होते. मात्र ज्याच्या दारावर आज्ञा येऊन थडकते, त्याच्या प्रत्युत्तरासाठी त्या कायद्यात या वेळीही कलम आले नाही.