करकंबची द्राक्षे : सेंद्रिय वाट मागे जाते की पुढे?

सेंद्रिय द्राक्षांचा विषय निघाला की एक वाक्य हटकून ऐकू येते. ‘पूर्वीचे लोक औषधाशिवाय शेती करायचे, आपणही तिकडे परत जाऊ.’ ज्वारीबद्दल, तुरीबद्दल हे बरेचसे खरे आहे. पण करकंबमध्ये बसून द्राक्षाबद्दल असे म्हणता येईल का? आज आपण तेवढेच तपासून पाहू.

आधी वेलीचे माहेर पाहू. द्राक्षवेल मूळची कॉकेशसपासून भूमध्य समुद्रापर्यंतच्या पट्ट्यातली. भूमध्य समुद्राकाठी पाऊस पडतो तो मुख्यतः हिवाळ्यात, आणि तेव्हा वेल पाने झाडून झोपलेली असते. ती जागी होते तेव्हा पुढे कोरडा, लख्ख उन्हाचा उन्हाळा असतो. समुद्रावरचा वारा पाने वाळवतो, ओल टिकत नाही, म्हणून बुरशीही फार माजत नाही. अशा समुद्राकाठच्या बागेत कमी फवारणीत द्राक्षे घेणे तुलनेने सोपे जाते.

आपल्याकडे मात्र वेल झोपतच नाही! चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला, तेव्हा इथे द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, असे त्याने नोंदवले. त्याला नवल वाटले ते याच न झोपणाऱ्या वेलीचे. आपले बागायतदार तिला कात्रीने शिस्त लावतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. पहिल्या छाटणीनंतरच्या काडीत पुढचा माल ठरतो, दुसरीनंतर तो बाहेर येतो. आता अडचण पाहा. ऑक्टोबरची कोवळी फूट नेमकी परतीच्या पावसात सापडते आणि केवडा येतो, म्हणजे ज्याला आपण डाऊनी म्हणतो तो.

जुन्या काळी नाशिककडे भोकरी, फकडी अशा जाती होत्या, वेल पांगाऱ्याच्या आधाराने चढवत. पण ते थोड्यांचे, हौसेचे फळ होते. पुढे हैदराबादकडून अनाब-ए-शाही आली, मग बिनबियांची थॉमसन. १९६० मध्ये राज्य द्राक्ष बागायतदार संघ स्थापन झाला. तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसनमधूनच तास-ए-गणेश निवडली. आपल्याच जिल्ह्यात नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी सोनाका दिली. हे काम कोणा प्रयोगशाळेतले नव्हे, शेतकऱ्याने मांडवाखाली उभे राहून, नजरेने केलेले!

करकंब हे पंढरपूर-टेंभुर्णी रस्त्यावरचे गाव, पर्जन्यछायेतले. भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले, पुढे ठिबक आले, आणि या भागात मांडव उभे राहू लागले. म्हणजे काय, तर बागायती द्राक्ष आणि फवारणीचा पंप आपल्याकडे एकाच काळात आले. आजोबांची औषधाविना द्राक्षबाग बहुतेकांच्या घरच्या आठवणीत नाहीच. मग परत जायचे कुठे?

आणि युरोपातही बाग बिनफवारणीची राहिली नाही, बरं का. अमेरिकेतून केवडा तिकडे पोचला तेव्हा फ्रान्समधल्या बोर्डो भागात रस्त्याकडेच्या वेलींवर लोक निळे मिश्रण मारत. येणाऱ्या-जाणाऱ्याने द्राक्षे तोडू नयेत, एवढाच हेतू. त्या वेली रोगातून वाचल्याचे मियार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आले. १८८५ मध्ये मोरचूद आणि चुन्याचे ते मिश्रण जगापुढे आले, तेच आपले बोर्डो. सेंद्रिय शेतीतही ते चालते, पण मोजून. युरोपात सात वर्षांत हेक्टरी २८ किलोपेक्षा जास्त तांबे वापरता येत नाही, कारण तांबे मातीत साचून राहते. तेव्हा सेंद्रिय म्हणजे ‘काहीच न मारणे’ हा समज आधी सोडून देऊ.

दुसरा धडा २०१० चा. त्या वर्षी युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाटचा अंश सापडला आणि कंटेनर अडकले. हे कीडनाशक नव्हे. खरड छाटणीनंतर शेंड्याची वाढ रोखून काडीत घड धरावा म्हणून ते वापरले जाई. मागच्या उन्हाळ्यात मारलेले औषध पुढच्या हंगामातल्या मण्यात सापडले! वेल विसरत नाही, हे त्या वर्षी फार महागात समजले. कर्ज बागायतदाराच्या नावावर होते, नियम दुसऱ्याच्या हातात होते.

मग करकंबजवळ स्वतःचे असे काय आहे? कोरडी हवा आणि ऊन. समुद्र नाही, पण फेब्रुवारी ते एप्रिलमधली ही हवा बेदाण्यासाठी उत्तम. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. बेदाण्याला मणी लांबवण्याचा हव्यास तितका लागत नाही. अडते ते रंगापाशी. डिपिंग ऑईलमध्ये न बुडवता वाळवला तर दिवस जास्त लागतात आणि माल तपकिरी होतो. बाजार हिरवा मागतो, पिवळ्यासाठी गंधकाची धुरी दिली जाते. म्हणजे सेंद्रिय बेदाण्याची अर्धी लढाई शेतात आहे, तर अर्धी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत.

शिवाय बहुवर्षायू पिकाला सेंद्रिय प्रमाणपत्र मिळेपर्यंत तीन वर्षे जातात. त्या काळात जोखीम सेंद्रियची आणि भाव साधा. एकट्याने सगळी बाग त्यात घालणे धाडसाचे आहे. आधी काही ओळी, मोकळा मांडव, हवा खेळती, पिठ्या ढेकणाचे मित्रकीटक जपणे, आणि शेजाऱ्यांशी मिळून केलेला गट, असे टप्प्याने जावे लागेल.

तेव्हा मंडळी, मागे जायला आपल्याकडे सेंद्रिय द्राक्षांचे जुने गाव नाही. ते नव्यानेच वसवायचे आहे. नान्नज आणि बोरगावने दाखवले की, बारीक नजरेचा शेतकरी नवी जात घडवतो. त्याच नजरेने नवी पद्धतही घडेल, पण तिच्या पहिल्या तीन वर्षांचा भार कोणी उचलायचा, हे आधी ठरवावे लागेल. आता यावर तुमचे प्रश्न ऐकू.